गोधडीची माया कोणत्या अंगाला पाडावी?

शिमगा झाला, ज्वारीची मळणी उरकली, कडब्याची गंज रचून झाली, की आमच्या माणदेशात दुपारच्या वेळी सोप्यासोप्यांत जुन्या लुगड्यांची गाठोडी सुटतात. मिरगाचा पाऊस तोंडावर येईपर्यंत कोरडवाहू गावात बायकांच्या हाताला शेतात फारसे काम नसते. तेवढ्या दोन-अडीच महिन्यांत वर्षाच्या गोधड्या शिवून घ्यायच्या, ही आपली जुनी रीत. तुमच्याही घरी ती असेलच.

आता तुम्ही म्हणाल, या पानावर हुमणी, तांबेरा आणि बीजप्रक्रियेच्या गोष्टी सांगणारा हा माणूस आज सुईदोरा घेऊन कुठे बसला? प्रश्न रास्त आहे. मी शेतकी पदविका घेतलेला, विस्ताराच्या कामात गावोगाव हिंडणारा माणूस. शिवणकामात माझे शिक्षण शून्य. पण याच विषयात मी एकदा न विचार करता सल्ला दिला आणि अकरा बायांचे नुकसान केले. त्यातून जे शिकलो ते सांगणे मला भाग आहे. तुमच्या गावात गट असेल, गट नसेल आणि नुसती घरची गोधडी असेल, तरी ही माहिती उपयोगी पडेल.

चूक कशी झाली

झाले असे. एका वाडीत शेतकरी महिलांचा गट आहे. शेळ्या, कोंबड्या, पापड-कुरडया करून झाल्यावर गटाने गोधड्या विकायचे ठरवले. शहरातल्या एका दुकानदाराने बारा गोधड्यांची मागणी नोंदवली. सहा फूट लांब, चार फूट रुंद, वरचा पदर चार-चार इंची सुती चौकोनांचा, मशीनवर जोडलेला. कापड, दोरा, अस्तर यांसाठी गटाने बचतीतले पंधरा हजार रुपये घातले.

मी बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक द्यायला गेलो, तेव्हा मंदिराच्या सभामंडपात चौकोन जोडायचे काम चालू होते आणि वाद पेटला होता. गटातल्या एक आजी म्हणत होत्या, "माया एका अंगाला पाडा." शिवणक्लास केलेल्या एक वहिनी म्हणत होत्या, "नाही, पॅन्टीची शिवण फाकवून इस्त्री करतात तशी फाकवायची, म्हणजे गोधडी सपाट दिसते." कोणी मागे हटेना. शेवटी अध्यक्षा ताईंनी माझ्याकडे बघितले. "सायेब, तुमीच सांगा. तुमी शिकलेलं हाय."

वाचकहो, साहेब म्हणून खुर्ची दिलेल्या माणसाला 'मला यातले कळत नाही' असे म्हणवत नाही. मी दोन्ही नमुने हातात घेतले. फाकवलेला नमुना खरोखरच सपाट आणि देखणा दिसत होता. मी म्हटले, "फाकवा. सफाई दिसते." आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी आपली सुई पदराला टोचली आणि त्या शेंगा फोडायला बसल्या.

बारा गोधड्या गेल्या. चार विकल्या गेल्या. दोन महिन्यांत त्यांतल्या दोन गिऱ्हाइकांनी परत आणल्या. दोनदा धुतल्यावर शिवणी उसवल्या होत्या आणि फटीतून आतली जुनी साडी दिसत होती. दुकानदाराने उरलेल्या आठही परत पाठवल्या आणि पैसे दिले ते फक्त दोन गोधड्यांचे. त्याची काही चूक नव्हती. फाटका माल कोण ठेवून घेईल?

मला निरोप आला. गेलो. आजींनी एक गोधडी मांडीवर घेतली, शिवणीच्या दोन बाजूंना दोन अंगठे ठेवून ताणले आणि म्हणाल्या, "ह्यो बगा दोरा. समदा उघड्यावर पडलाय. कापडाची पाठराखणच न्हाई त्याला. टिकंल कसा?"

माया म्हणजे काय आणि ती जाते कुठे

दोन तुकडे जोडताना काठापासून थोडे कापड सोडून शिवण घालतात. हे सोडलेले कापड म्हणजे माया. चौकोन जोडताना ती साधारण पाव इंच ठेवतात. म्हणजे तयार चौकोन चार इंचांचा हवा असेल, तर कापताना साडेचार इंचांचा कापावा लागतो. शिवण घातली की उलट बाजूला मायेचे दोन काठ उभे राहतात. ते कुठे तरी पाडावेच लागतात. पाडायच्या रीती दोन. एक, दोन्ही काठ मिळून एकाच अंगाला. दुसरी, एक काठ डावीकडे आणि एक उजवीकडे, म्हणजे फाकवून.

एका अंगाला पाडलेल्या मायेत दोरा कापडाच्या घडीआड जातो. गोधडी ओढली गेली तर ताण थोडा कापडावर, थोडा दोऱ्यावर येतो. शिवाय शिवणीच्या खाली कापडाचे दोन पदर राहतात, त्यामुळे आतला थर वर डोकावत नाही. फाकवलेल्या मायेत मात्र शिवणीच्या खाली काहीच नसते. दोन चौकोन एकमेकांना धरून राहतात ते फक्त दोऱ्याच्या जोरावर.

मग पॅन्टीची फाकवलेली शिवण का टिकते? कारण शिंपी तिथे माया भरपूर ठेवतो, काठ सुटू नयेत म्हणून तेही शिवून घेतो आणि टाका बारीक घालतो. आमच्या गटाची माया पाव इंच, काठ मोकळे आणि टाका लांब. काम लवकर उरकावे म्हणून मशीनचा टाका मोठा ठेवला होता. एका इंचात सहा-सात टाके. तेच दहा-बारा असते, तर फाकवूनही शिवणी इतक्या लवकर गेल्या नसत्या. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा: टाका लांब असेल, शिवण हाताची असेल किंवा कापड जुने आणि विरविरीत असेल, तर माया फाकवू नका. एका अंगालाच पाडा.

दुसरी चूक पहिलीला जोडूनच झाली होती. सफाई दिसावी म्हणून बायांनी हाताचा धावदोरा बरोबर शिवणीच्या रेघेत घातला होता. माया फाकवलेली असताना सुई त्या रेघेत गेली की तिच्या हाती वरच्या पदराचे कापड लागतच नाही, नुसता मशीनचा दोरा लागतो. दोरा तुटला, की धावदोराही लोंबकळला. माया एका अंगाला असती, तर रेघेला लागून ज्या बाजूला माया नाही तिथे धावदोरा घालता आला असता. तिथे पदर कमी म्हणून सुई सहज जाते आणि टाक्यात कापड पक्के धरले जाते.

अंग कोणते निवडावे

एका अंगाला म्हणजे कोणत्या? साधा नियम असा की, माया गडद रंगाच्या कापडाकडे पाडावी. फिकट पिवळ्या किंवा पांढऱ्या पातळ सुती कापडाखाली तांबड्या नाहीतर निळ्या कापडाची माया गेली, तर वरून काळपट रेघ दिसते. नव्या गोधडीवर ती पटकन डोळ्यांत भरत नाही, पण उन्हात वाळत घातली की दिसते. गडद कापडाखाली फिकट माया गेली तर काही दिसत नाही.

कधी कधी अडचणीने माया फिकट रंगाकडे पाडावी लागते. अशा वेळी गडद कापडाचा काठ कात्रीने सुताभर कमी करावा. म्हणजे फिकट कापडाची माया त्याला झाकून घेते आणि रेघ पुसट होते. मात्र शिवणीच्या अगदी जवळ कापू नका, काठ सुटेल.

एकआड एक ओळ

आता खरी गंमत येते ती ओळीला ओळ जोडताना. आमची गोधडी सहा फूट बाय चार फूट. चार इंची चौकोन धरले, तर आडवे १२ आणि उभे १८, मिळून २१६ चौकोन होतात. चार चौकोनांचे कोपरे जिथे एकत्र येतात अशा जागा भरतात १८७. या प्रत्येक जागी कोपऱ्याला कोपरा जुळला, तर गोधडी देखणी. सुताभर सरकला, तर नजर तिथेच अडकते.

कोपरे जुळवायची युक्ती शेतकऱ्याला समजायला सोपी आहे. नांगर जाताना एका तासाला माती उजवीकडे पडते आणि येताना दुसऱ्या बाजूला पडते, हे तुम्ही पाहता. तसेच इथे करायचे. पहिल्या ओळीतल्या सगळ्या माया उजवीकडे पाडा, दुसऱ्या ओळीतल्या सगळ्या डावीकडे, तिसरीतल्या पुन्हा उजवीकडे. मग पहिली ओळ दुसरीवर सुलट बाजू आत ठेवून धरली, की एकीची जाड कड दुसरीच्या जाड कडेला अडते आणि तिथेच बसते. दाराची कडी बसल्यासारखे बोटाला कळते. डोळ्यांनी बघायचीही गरज नाही.

बुद्धिबळाच्या पटासारखी एक गडद, एक फिकट अशी मांडणी असेल, तर आणखी सोपे. प्रत्येक माया गडद चौकोनाकडे पाडत जा. शेजारच्या ओळीत रंग उलटे असल्यामुळे वरची माया आणि खालची माया आपोआप विरुद्ध अंगाला जातात. वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

सगळ्या माया एकाच बाजूला पाडल्या तर काय बिघडते? पदर मोजून बघा. मी आजींच्या समोर बसून कागदावर मोजले. दोन्ही ओळींच्या माया एकाच अंगाला आणि ओळीची आडवी मायाही एका अंगाला पाडली, तर जाड कोपऱ्यात कापडाचे नऊ पदर एकावर एक येतात. ओळी एकआड एक उलट पाडल्या तर सात. सगळे फाकवले तर चारही कोपऱ्यांत चार-चार. यात आत घातलेल्या तीन जुन्या साड्या आणि खालचे अस्तर, असे चार पदर आणखी मिळवा. म्हणजे सुईला तेरा पदर टोचायचे, अकरा टोचायचे की आठ टोचायचे, हे माया पाडतानाच ठरून जाते. दुपारभर गोधडी टाचणाऱ्या बाईच्या अंगठ्याला हा फरक विचारा. तेरा पदरांत सुई वाकते, नाहीतर मोडते, आणि बोटात जाते ती वेगळीच.

ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी आणखी एक युक्ती. ओळी जोडून झाल्यावर कोपऱ्याच्या जागी, उभ्या शिवणीचे मायेतले दोन-तीन टाके सुईने उसवावेत. आडव्या शिवणीच्या पलीकडचा एकही टाका उसवायचा नाही. मग चारही माया भिंगरीच्या पात्यांसारख्या एकामागे एक गोल फिरवून पाडता येतात. मधोमध छोटा चौकोन दिसतो आणि जाडी चारही कोपऱ्यांत वाटली जाते. रोजच्या अंथरुणाच्या गोधडीला १८७ जागी हा खटाटोप नको. बाळाच्या दुपट्याला किंवा विकायच्या चांगल्या नगाला जरूर करावा.

इस्त्री दाबावी, फिरवू नये

माया पाडायची ती इस्त्रीने. पण सदरा इस्त्री करतो तशी ती पुढे-मागे फिरवली, की घात होतो. चौकोन ओढला जातो आणि त्याचा पतंग होतो. त्रिकोणी तुकड्यांची तिरपी बाजू म्हणजे उरेब कापड. ते तर हाताने ओढले तरी लांबते. त्यावर गरम इस्त्री फिरवली, की कड लहरी धरते आणि ती लहर पुढे कशानेच जात नाही. म्हणून इस्त्री ठेवायची, दाबायची, उचलायची आणि पुढे ठेवायची.

क्रम असा ठेवा:

पहिल्यांदा, शिवण घातल्यावर तुकडे न उघडता, आहेत तसेच, शिवणीवर एकदा इस्त्री दाबा. त्याने दोरा कापडात बसतो आणि चुणलेली शिवण सरळ होते.

मग गडद तुकडा वर येईल असे ठेवून तो बोटाने उलगडा. सुलट बाजूने, शिवणीच्या रेघेवर, इस्त्री दाबा. सुलट बाजूने दाबल्याने रेघेजवळ चुणी राहिली तर लगेच दिसते.

त्यानंतर तुकडा गार होईपर्यंत सपाट राहू द्या. गरम असताना उचलून ओढला, तर बसलेली घडी पुन्हा बिघडते.

चुणीचे महत्त्व थोडे सांगतो. माया पूर्ण न उलगडता दाबली, तर प्रत्येक शिवणीत दीडेक मिलिमीटर कापड घडीत अडकते. दिसायला काहीच नाही. पण लांबीच्या बाजूला १७ शिवणी आहेत. सतरा वेळा दीड म्हणजे साडेपंचवीस मिलिमीटर, म्हणजे एक इंच गोधडी आखूड. एका ओळीत चुणी आहे आणि दुसरीत नाही, असे झाले तर ओळीला ओळ पुरत नाही. बांधाखाली जमीन कशी गुंठ्यागुंठ्याने जाते ते आपल्याला ठाऊक आहे. तसेच हे.

पाणी शिंपडण्याची सवय असेल, तर जपून. ओले कापड जास्त लांबते. शिवाय रंग जाणाऱ्या तांबड्या किंवा निळ्या कापडावर पाणी पडून वर गरम इस्त्री बसली, तर शेजारच्या पांढऱ्या चौकोनाला डाग लागतो. त्यासाठी सगळे कापड कापण्याआधीच धुऊन, पाणी नितळ येईपर्यंत खळबळून, वाळवून घ्यावे. नवे सुती कापड धुतल्यावर आटते. तो आटाही आधीच निघून गेलेला बरा.

उष्णता किती? सुती कापडाला इस्त्री चांगली तापलेली लागते. विजेच्या इस्त्रीवर तीन ठिपक्यांची खूण असते ती सुतीसाठी, एका ठिपक्याची कृत्रिम धाग्यांसाठी. आजकाल गाठोड्यात लुगडी कमी आणि पॉलिस्टरच्या साड्या जास्त निघतात. तीन ठिपक्यांवरची इस्त्री पॉलिस्टरवर ठेवली, तर कापड आकसते, वितळून इस्त्रीला चिकटते. सुती आणि पॉलिस्टर एकत्र जोडले असेल, तर इस्त्री पॉलिस्टरच्या मानाने ठेवा आणि मध्ये जुन्या पंचाचा तुकडा घाला. कोळशाच्या इस्त्रीला ठिपके नसतात. ती आधी रद्दी सुती चिंधीवर टेकवून बघावी. चिंधी पिवळी पडली, तर थोडे थांबावे.

इस्त्री नाही, वीज नाही, तर?

अडायचे कारण नाही. तांब्यात निखारे भरून त्याचे बूड कापडावरून दाबत आपल्या मागच्या पिढीने इस्त्री केली आहे. तीही नको असेल, तर पाटावर तुकडा ठेवून अंगठ्याच्या नखाने, चमच्याच्या पाठीने किंवा लाकडी लाटण्याने माया पाडा. सुती कापड नखाची घडी चांगली धरते. दिवसभर जोडलेल्या ओळी रात्री सपाट रचून वर पाटा ठेवावा. सकाळी माया बसलेली असते. घाईचे काम असेल तर चौकोन जोडताना नखाने पाडत जा आणि पूर्ण ओळ झाली, की एकदाच इस्त्री करा. वीजही वाचते आणि ऊठबसही.

फाकवावी कधी?

फाकवणे म्हणजे वाईटच, असे मात्र समजू नका. जिथे सहा-आठ त्रिकोणांची टोके एका बिंदूत येतात, उदाहरणार्थ आठ पाकळ्यांची चांदणी, तिथे सगळ्या माया एका अंगाला पाडल्या तर मधोमध सुपारीएवढी गाठ होते. तिथे फाकवणेच योग्य. मात्र टाका बारीक हवा, दोरा चांगला सुती किंवा मजबूत हवा आणि धावदोरा शिवणीच्या रेघेत न घालता दोन्ही बाजूंना थोडे अंतर सोडून घालावा. जाड कापड, म्हणजे जीन्सचे तुकडे किंवा जुनी चादर, यांनाही फाकवलेली माया सोयीची. असे आहे तर त्या क्लासवाल्या वहिनी अगदीच चुकल्या नव्हत्या. त्यांची रीत बारीक टाक्याची होती. ती लांब टाक्याच्या कामाला लावायला सांगितली, ही माझी चूक.

अमेरिकेत तुकडे जोडून गोधड्या शिवायची मोठी परंपरा आहे. तिथेही हाताने जोडायच्या काळात माया एका अंगालाच पाडत, कारण हाताच्या टाक्यात फटी राहतात. मशीनचा बारीक टाका आल्यावर फाकवणारेही निघाले. म्हणजे सभामंडपातला आमचा वाद काही आमच्याच वाडीपुरता नव्हता.

जुनी रीत काय सांगते

आजींना मी विचारले, "तुमच्या तरुणपणी माया कोणत्या अंगाला पाडत होता?" त्या हसल्या. "आमच्या वाकळंला कुटली माया? ठिगळाचा काठ दुमडायचा आन् समद्या थरातनं सुई काढायची. झालं."

यात मोठे शहाणपण आहे. आपल्या जुन्या वाकळीत वरचा पदर आधी वेगळा जोडत नाहीत. खाली थर पसरतात, वर ठिगळ ठेवतात, काठ आत दुमडून सरळ सगळ्या थरांतून टाचतात. तिथे शिवणीवर ताण येतच नाही, कारण प्रत्येक टाका तळापर्यंत गेलेला असतो. शेजारच्या कर्नाटकात उत्तर कन्नडच्या सिद्दी बायाही आपली 'कवंदी' अशीच शिवतात, काठापासून सुरुवात करून गोल गोल आत मध्यापर्यंत. माया पाडायचा प्रश्न उभा राहतो तो मशीनवर वरचा पदर आधी जोडू लागलो तेव्हापासून. नवीन अवजार आले, की नवीन काळजी येते. शेतीतही आपण हेच पाहतो.

आधी एक गुंठा

परत आलेल्या आठ गोधड्यांचे पुढे काय झाले, ते सांगायला हवे. आजींच्या सांगण्यावरून प्रत्येक शिवणीच्या दोन्ही बाजूंना, पाव इंचाच्या आत, एकेक धावदोऱ्याची ओळ घातली. त्यामुळे फाकवलेल्या मायेचे काठ आतल्या थरांना धरले गेले. अकरा जणींचा पंधरवडा त्यात गेला. पाच गोधड्या यात्रेत कमी भावाने विकल्या, तीन घरात राहिल्या. घातलेले पैसे कसेबसे निघाले, मजुरी बुडाली. मी दोऱ्याची रिळे तेवढी आणून दिली. त्याने भरपाई होत नाही, हे मला ठाऊक आहे.

मला लागले ते दुसरेच. कोणतेही नवे वाण आले, की मी शेतकऱ्यांना बजावून सांगतो, "एकदम सगळ्या रानात टाकू नका. आधी एका गुंठ्यावर करून बघा." हा सल्ला मी शेकडो वेळा दिला असेल. त्या दिवशी सभामंडपात मात्र २१६ चौकोनांच्या बारा गोधड्यांवर मी एकदम बोट ठेवले. चार चौकोनांचा एक गुंठा करून बघा, असे म्हणायला किती वेळ लागला असता?

पुढच्या उन्हाळ्यात गटाने तेच केले. चार-चार चौकोनांचे दोन नमुने शिवले, एक माया फाकवून आणि एक एका अंगाला. आत साडीचे थर घालून धावदोरा टाकला. दोन्ही नमुने पाच वेळा दगडावर आपटून धुतले, उन्हात वाळवले आणि दोघींनी दोन बाजूंनी ताणले. कोणता टिकला, हे कोणा साहेबाला विचारावे लागले नाही. नंतर दहा गोधड्या केल्या. माया गडद रंगाकडे, एकआड एक ओळ उलट, टाका बारीक. त्या गोधड्यांनी दोन हिवाळे काढले, अजून एकही परत आलेली नाही.

भगिनींनो, आता तुमच्या सोप्यात गाठोडे सुटेल. गोधडी विकायची असो की लेकीच्या बाळंतपणासाठी असो, कात्री लावण्याआधी चार चौकोनांचा नमुना करा. त्याच कापडाचा, त्याच दोऱ्याचा, त्याच टाक्याचा. धुवा, वाळवा, ताणा. मग माया कोणत्या अंगाला पाडायची ते ठरवा. आणि घरात एखादी आजी सुई पदराला टोचून गप्प बसलेली दिसली, तर तिला आधी विचारा. मी विचारले नव्हते.